चोवीस छायाचित्रें व एक अभिप्राय

अभिप्राय मागणाऱ्या मनुष्याला बहुधा अभिप्राय नको असतो, प्रशस्तिपत्र हवें असतें, ही गोष्ट तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवून मला पुरती कळून चुकली आहे. कवितांची वही घेऊन येणारा विद्यार्थी दारांतूनच आपला चेहरा वाचूं लागतो, आणि कपाळावर एखादी आठी दिसली कीं 'या फार जुन्या आहेत, सर' असें सांगून मोकळा होतो. तेव्हां गेल्या पावसाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी स्वतःच्या छायाचित्रांचा काळ्या पुठ्ठ्याचा संग्रह घेऊन आली, त्या वेळीं मीं मनाशीं दोनचार गोड वाक्यें जुळवूनच ठेविलीं होतीं. तीं वापरण्याची पाळी आली नाहीं. ती म्हणाली, "सर, आमच्या निबंधांच्या समासांत तुम्ही तांबड्या शाईनें लिहीत असां, तसें यांवर लिहा. 'छान' एवढें सोडून कांहींहि लिहा."

ही मुलगी पुण्यांत एका कचेरींत नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशीं मुंबईस मॉडेल म्हणून काम मिळवूं पाहते. अशा कामासाठीं जो चित्रसंग्रह दाखवावा लागतो, त्याला त्या धंद्यांत पोर्टफोलिओ म्हणतात. वर्षभर पगारांतून बाजूला टाकलेले पैसे तिनें या संग्रहावर खर्च केले होते. मग तो चार-पांच ठिकाणीं दाखविला. कोठून उत्तरच आलें नाहीं. कोठून 'सध्यां आवश्यकता नाहीं' असें एका ओळींत आलें. घरीं विचारलें, तर आई म्हणाली छान, मावशी म्हणाली फारच छान, आणि धाकटा भाऊ हंसला. अनोळखी लोकांपुढें चित्रें ठेविलीं, तर कोणीं बदामाचीं चिन्हें पाठविलीं, कोणीं अभद्र बोल. आतां पुन्हां पैसे घालून नवा संच काढावा, कीं हा नादच सोडून द्यावा, असा तिच्यापुढें प्रश्न होता. आणि या दोहोंपैकीं एक ठरविण्यास 'छान' या शब्दाचा काडीइतका उपयोग नव्हता.

मॉडेलच्या धंद्यांतलें मला काय कळतें, असें वाचक विचारतील, व तें योग्यच आहे. हौसेनें कॅमेरा हाताळणें आणि वर्गांत साहित्यशास्त्र शिकविणें, एवढीच माझी पात्रता. परंतु गुणदोषविवेचन म्हणजे काय, हा प्रश्न काव्याला आहे तसाच छायाचित्रालाहि आहे. आणि आपल्याकडे त्याचा विचार आजचा नव्हे. मम्मटानें 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास सबंध दोषांना वाहिला, आणि त्यानंतर आठव्यांत तो गुणांकडे वळला. दोष सांगणें ही त्याला टवाळी वाटली नाहीं. एक शास्त्र वाटलें.

तथापि त्या दिवशीं मला मम्मटापेक्षां कालिदासाची आठवण अधिक झाली. 'मालविकाग्निमित्रां'त राजा अग्निमित्र मालविकेला प्रथम पाहतो तें चित्रांत. पुढें दुसऱ्या अंकांत ती प्रत्यक्ष समोर येते, तेव्हां त्याचें मत असें होतें कीं, चित्र काढणाऱ्याचें चित्त पुरतें एकाग्र झालें नसावें. चित्र आणि व्यक्ति यांत अंतर दिसलें, तर उणेपण चित्राच्या पदरीं टाकावें, व्यक्तीच्या नव्हे, असा हा न्याय आहे. प्रेमिकाचा पक्षपात म्हणून तो कोणी बाजूस सारील. परंतु पहिल्या अंकांत परीक्षक नेमलेली परिव्राजिका कौशिकी जी अट घालते, ती अशी बाजूस सारतां येत नाहीं. गणदास व हरदत्त या दोघां नाट्याचार्यांचा कलह त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून तोडावयाचा असें ठरतें, तेव्हां ती सांगते कीं, पात्रांनीं भारी वेषभूषा न करतां यावें, म्हणजे अंगाचें सौष्ठव स्पष्ट दिसेल. प्रयोग संपल्यावरहि ती 'उत्तम' म्हणून थांबत नाहीं. अंगांनीं अर्थ कसा सुचविला, पावलें लयीला कशीं धरून होतीं, एका भावामागून दुसरा कसा आला, हें वेगवेगळें करून सांगते. परीक्षेपूर्वीं आवरण दूर करावें, आणि निर्णयाला कारणें जोडावीं, हे दोन नियम या एका प्रवेशांतून निघतात.

तिसरा नियम विदूषक शिकवितो. नृत्य आटोपून मालविका जाऊं लागते, तोंच तो तिला थांबवून म्हणतो कीं, कांहीं क्रमभंग झाला आहे. सर्वजण कान टवकारतात. मग तो दोष सांगतो तो असा कीं, पहिल्या प्रयोगापूर्वीं ब्राह्मणाची पूजा व्हावयास हवी होती! खरें कारण इतकेंच कीं, मालविका आणखी थोडा वेळ राजाच्या डोळ्यांपुढें राहावी. दोष काढणारा प्रत्येकजण दोषासाठींच दोष काढतो असें नाहीं, हें त्या मुलीनेंहि अनुभवलें होतें. कारण 'तुझीं चित्रें अगदींच टाकाऊ आहेत' असें सांगणाऱ्या एका गृहस्थांनीं त्याच श्वासांत नव्या चित्रांचा स्वतःचा दर सांगितला होता.

आतां त्या धंद्याची रीत पाहा. ती परिव्राजिकेच्या अटीपासून फारशी दूर नाहीं. मॉडेल नेमणाऱ्या संस्था नटलेल्या चित्रांबरोबर, आणि पुष्कळदां त्यांच्याहि आधीं, साधीं चित्रें मागतात: मोकळ्या भिंतीपुढें, दिवसाच्या उजेडांत, रंगभूषेवांचून, अंगाबरोबर बसणाऱ्या साध्या कपड्यांत, एक समोरून, एक बाजूनें, एक पायांपर्यंत पूर्ण. यांना अजूनहि कोणी 'पोलरॉइड' म्हणतात. तत्काळ चित्र देणारा त्या नांवाचा कॅमेरा १९४८ सालीं बाजारांत आला; आपली तसली फिल्म काढणें थांबविण्याचें त्या कंपनीनें २००८ सालीं जाहीर केलें; नांव मात्र उरलें, आणि तें काम आज मोबाइल करतो. या साध्या चित्रांशेजारीं पोर्टफोलिओ ठेवून पाहणारा ठरवितो कीं, या चेहऱ्याचें काय काय होऊं शकतें. म्हणजे पोर्टफोलिओ हा घरगुती आल्बम नव्हे. आल्बमांत आठवणी असतात. तेथें एकाच प्रसंगाचीं दहा चित्रें असलीं तरी बिघडत नाहीं. पोर्टफोलिओंत प्रत्येक चित्रानें आधींच्या चित्रानें न सांगितलेली कांहीं गोष्ट सांगितली पाहिजे. आणि पाहणारा आपलें मत सर्वोत्तम चित्रावर जितकें बनवितो, तितकेंच सर्वांत कच्च्या चित्रावरहि बनवितो. कारण कच्चें चित्र आंत राहूं दिलें यावरून त्या व्यक्तीची निवड कळते.

या दृष्टीनें तीं चोवीस चित्रें आम्हीं टेबलावर पसरलीं. पहिली गोष्ट मला अशी दिसली कीं, चोविसांपैकीं नऊ चित्रांत चेहऱ्यावरचा भाव एकच होता: हनुवटी खालीं, दृष्टि वर, ओंठ किंचित् विलग. साडी बदलली, दागिने बदलले, जागा बदलली. मुद्रा बदलली नाहीं. नऊ चित्रें मिळून एकच वाक्य नऊ वेळां म्हणत होतीं. हें मीं दाखविल्यावर तिनें आपण होऊनच सात उचलून बाजूस ठेविलीं. निबंधांत पुनरुक्ति खोडावी तसेंच हें. आणि संग्रह सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग नाहीं.

एका चित्रांत ती एका जुन्या वाड्याच्या दारापुढें उभी होती. दारावर पितळी फुल्या, अंगावर नारिंगी साडी, सगळें दृष्ट लागण्यासारखें. परंतु प्रकाश पडला होता तो फुल्यांवर, आणि चेहरा सावलींत. डोळा आपोआप उजळ जागीं जातो; तेव्हां पाहणारा आधीं दार पाहतो, मग साडी, आणि वेळ उरला तर मुलगी. मीं समासांत लिहिलें: 'दारापासून चार पावलें पुढें ये, चेहरा उजेडाकडे वळव, दार मागें धूसर होऊं दे.' नुसतें 'पार्श्वभूमि जड आहे' असें लिहिलें असतें, तर तो दोष झाला असता. चार पावलें सांगितल्यानें त्याचा उपाय झाला.

दुसरें एक चित्र तिनें पानाखालीं लपवूनच ठेविलें होतें. त्यांत ती बसलेली, गुडघे कॅमेऱ्याच्या बाजूस. "हें नको, सर," ती म्हणाली, "माझे गुडघेच वाईट आहेत." या एका चित्रामुळें दोन महिने तिनें जेवण अर्ध्यावर आणलें होतें, हें तिनें मागाहून सांगितलें. चित्र नीट पाहिलें तर त्यांत गुडघे मोठे होते, तळहातहि मोठे होते, आणि डोकें मात्र लहान होतें. कॅमेरा फार जवळून, रुंद कोनाच्या भिंगानें धरला, कीं जें भिंगाला जवळ तें फुगतें आणि जें दूर तें आटतें. हा भूमितीचा नियम आहे, शरीराचा दोष नव्हे. छायाचित्रकारानें दहा पावलें मागें सरून ८५ किंवा १०० मिलिमीटरचें भिंग लावलें असतें, तर तेच गुडघे कोणाच्या लक्षांतहि आले नसते. मीं माझ्या मोबाइलनें तिचें एक चित्र जवळून, आणि दुसरें खोलीच्या टोकापासून काढून दाखविलें. ती बराच वेळ दोन्ही आळीपाळीनें पाहत राहिली. त्या दिवशींच्या माझ्या साऱ्या बोलण्यांत उपयोगाचें कांहीं झालें असेल, तर तें हें. आणि त्यांत बोलणें फारसें नव्हतेंच.

या ठिकाणीं या अभिप्रायाची खरी अडचण दिसून येते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. अशा कलाशाळेंत मॉडेल समोर बसतें, विद्यार्थी चित्र काढतात, आणि शिक्षक बोलतात तें चित्राविषयीं. बसलेल्या माणसाच्या नाकाडोळ्यांविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. पोर्टफोलिओंत मात्र चित्र आणि मनुष्य एकमेकांस इतके चिकटलेले असतात, कीं चित्रावर मारलेला फटका मनुष्याला लागतो. वस्तुतः एका छायाचित्रांत किमान चार जणांचें काम असतें: छायाचित्रकाराचें, रंगभूषाकाराचें, वेषभूषाकाराचें, आणि मॉडेलचें. प्रकाश पहिल्याचा, रंग दुसऱ्याचा, वस्त्र तिसऱ्याचें. मॉडेलकडे उरतात मुद्रा, दृष्टि, हातापायांची ठेवण आणि शेवटची निवड. दोष कोणाच्या वांट्याचा हें न ठरवितां बोललेलें सारें तिच्या एकटीच्या अंगावर पडतें. आणि मग गुडघे वाईट ठरतात.

याहूनहि एक अप्रिय प्रकार होता. सहा चित्रांत तिचा सांवळा चेहरा यंत्रावर उजळ केलेला होता; कान आणि मनगटें मात्र मूळच्याच रंगाचीं राहिलीं होतीं. कातडीवरचीं रंध्रें पुसून गाल मेणाचे केले होते. हें तिनें सांगितलें नव्हतें. 'सगळ्यांचें असेंच करतों' म्हणून तें आपोआप झालें. सांवळेपणा म्हणजे उणेपणा असें जाहिरातींत दाखवूं नये, असे नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०१४ सालीं केले. २०२० सालीं एका प्रसिद्ध मलमानें आपल्या नांवांतला गोरेपणाचा शब्द गाळला. फ्रान्समध्यें तर १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलचा बांधा यंत्रानें बारीक किंवा जाड केलेल्या व्यापारी छायाचित्रावर तसें स्पष्ट लिहावें लागतें. परंतु नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी धंद्याच्या दृष्टीनेंहि हीं चित्रें खोटी साक्ष देणारीं होतीं. तीं पाहून बोलावणें आलें, आणि दारांत निराळीच मुलगी उभी राहिली, तर त्यांचा उपयोग काय? तीं साहीहि काढून टाकण्यास मीं सांगितलें, आणि कारण म्हणून कानाकडे बोट दाखविलें.

आतां कांहीं तरी बरेंहि सांगावें म्हणून मी शोधूं लागलों, तेव्हां तिच्या मोबाइलमध्यें एक चित्र सांपडलें, जें संग्रहांत नव्हतेंच. रंगभूषा होण्यापूर्वीं, दिवे जमविण्यासाठीं, छायाचित्रकारानें तें काढलेलें. केंस साधे बांधलेले, अंगांत पांढरा सदरा. ती कोणाशीं तरी बोलत होती, आणि बोलतां बोलतां कॅमेऱ्याकडे वळली होती. डाव्या गालावर खिडकीचा उजेड, डोळ्यांत त्याचा एक ठिपका. संग्रहांतल्या चोवीस चित्रांत जी दिसली नव्हती ती या चित्रांत दिसत होती. "हें तर तयारीचें आहे, सर," ती म्हणाली. मीं म्हटलें, "म्हणूनच." परिव्राजिकेनें नेमकें हेंच मागितलें असतें.

गुण दाखविणें म्हणजे सांत्वन करणें नव्हे. खरें गुणदर्शन पुढच्या कामाची दिशा देतें. अमेरिकेंतील 'हार्पर्स बझार' या मासिकाचे कलासंपादक अलेक्सी ब्रोडोविच हे १९३४ पासून १९५८ पर्यंत त्या जागीं होते, आणि न्यूयॉर्कच्या न्यू स्कूल या संस्थेंत छायाचित्रकारांचा वर्गहि चालवीत. कठोर परीक्षक म्हणून त्यांची ख्याति होती. १९४८ सालीं ईव्ह आर्नल्ड ही नवशिकी स्त्री त्यांच्या वर्गांत आली. वर्गाला विषय मिळाला वेषभूषेचा. भपकेबाज दालनांत न जातां ती हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तींत गेली, आणि तेथील वेषभूषेचे सोहळे, त्यांतल्या मॉडेल व पडद्यामागची त्यांची धांदल तिनें टिपली. ब्रोडोविचना त्यांत कांहीं तरी दिसलें. काम तेथेंच न संपवितां पुढें चालू ठेवण्याचा सल्ला तिला मिळाला. तीं चित्रें १९५१ सालीं लंडनच्या 'पिक्चर पोस्ट' साप्ताहिकांत छापलीं गेलीं, आणि ती बाई पुढें जगप्रसिद्ध झाली. त्या सल्ल्यांत स्तुति किती होती हें महत्त्वाचें नाहीं. ती पुन्हां त्याच ठिकाणीं कामास गेली, हें महत्त्वाचें.

याच्या उलट उदाहरण मला दूर शोधावयास नको. वीस-बावीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीच्या निबंधाखालीं मीं एकच शब्द लिहिला होता: 'निर्जीव'. शब्द खरा होता, असें आजहि मला वाटतें. पुढें कित्येक वर्षांनीं ती एका लग्नांत भेटली, आणि हंसत म्हणाली, "सर, त्यानंतर मीं कधीं लिहिलेंच नाहीं." मी तिला कोणतें वाक्य निर्जीव, कां निर्जीव, आणि त्यांत प्राण कोठून येईल, हें सांगावयास हवें होतें. तेवढे कष्ट मीं घेतले नाहींत. आळसाला मीं स्पष्टवक्तेपणा म्हटलें. वर्गांतले निबंध विसरले जातात. या मुलीच्या पुढ्यांत तर तिचा स्वतःचा चेहरा होता.

म्हणून मागणाऱ्यालाहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'कसें आहे?' असें विचारलें, कीं उत्तर 'छान' असेंच येतें. प्रश्न जितका मोघम, तितकें उत्तर मोघम. 'या चोविसांतलीं कोणतीं दहा ठेवाल?', 'पहिलें चित्र कोणतें लावाल?', 'या चित्रांत तुमचा डोळा आधीं कोठें गेला?' असें विचारावें. मग मावशीहि उपयोगाचें कांहीं सांगूं शकते. प्रेमाच्या माणसांकडून धीर घ्यावा, निवड करणाऱ्यांकडून निवड शिकावी, आणि दोष सांगून लगेच दर सांगणाऱ्यापासून दूर राहावें. ऐकतांना प्रत्येक चित्राचा बचाव करूं नये. तिघांनीं एकाच चित्रावर एकच बोट ठेवलें, तर मात्र तें चित्र पुन्हां पाहावें.

संध्याकाळपर्यंत चोविसांतलीं आठ चित्रें उरलीं. खिडकीजवळचें तें चित्र धरून नऊ. नवा संच काढावयाचाच झाला, तर तो चोवीस चित्रांचा नको. कमी पडतात तीं तीनच चित्रें काढावीं, असें ठरलें: एक मोकळें हंसणारें, एक पायांपर्यंत पूर्ण, एक चालतांना. खर्च पुष्कळ खालीं आला. तिला काम मिळेल कीं नाहीं हें मी सांगूं शकत नव्हतों, व तसें तिला सांगितलेंहि.

जातांना तिनें मीं बाजूला काढलेल्यांतलें एक चित्र पुन्हां उचललें. हिरवी पैठणी, उभी ठेवण, चेहऱ्यावर विशेष कांहीं नाहीं. मला तें अगदीं पुतळ्यासारखें वाटलें होतें, आणि समासांत मीं तसें लिहिलेंहि होतें. ती म्हणाली, "सर, हें मी ठेवतें. साडीच्या दुकानवाल्याला माझा चेहरा नको असतो. पदर पुरा दिसतो कीं नाहीं आणि निऱ्या सरळ पडल्या कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. यांत दोन्ही आहेत."

चित्र कशासाठीं आहे हें आधीं विचारावें, असें मी तिला सबंध दुपार सांगत होतों. या चित्राबाबत तें मींच विचारलें नव्हतें. मीं तांबडी शाई उचलून माझी ती ओळ खोडली.